न्यू जर्सीत शाळा बघून घर घेताय? डिस्ट्रिक्टचे गुण आणि बजेट असं वाचा

एडिसन, प्लेन्सबोरो, साउथ ब्रन्सविक, मनरो या पट्ट्यात नवीन येणारं मराठी कुटुंब घराच्या आधी शाळेची चौकशी करतं. उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात मिळतं. घरं विकणाऱ्या साइटवर शाळेच्या नावापुढे दहापैकी नऊ किंवा दहापैकी सात असं लिहिलेलं असतं, आणि त्या दोन आकड्यांमधल्या फरकासाठी माणसं आयुष्यभराची बचत पणाला लावतात.

तो आकडा अगदीच खोटा नसतो, पण अपुरा असतो. शाळेचे गुण हे आधी होऊन गेलेल्या गोष्टींचे गुण आहेत. आज आठवीत असलेल्या मुलांना गेल्या पाच-सात वर्षांत कोणते शिक्षक मिळाले, वर्गात किती मुलं होती, याचा तो परिणाम. तुमचं मूल आज केजीत असेल, तर ते सहावीत जाईल तेव्हा शाळेत काय उरलं असेल हे बजेटमधून कळतं. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला हवेत. दोन्ही फुकट मिळतात आणि ते वाचायला अकाउंटंट असण्याची गरज नाही.

पायरी १: पत्ता कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये येतो?

न्यू जर्सी एवढंसं राज्य, पण तिथे जवळपास सहाशे स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणारे स्वतंत्र विभाग, आहेत. प्रत्येकाचं बोर्ड वेगळं, सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचा प्रमुख अधिकारी) वेगळा, बजेट वेगळं आणि त्यासाठी लागणारा टॅक्सही वेगळा. रस्ता ओलांडला की सगळं बदलू शकतं.

फसगत होते ती पोस्टाच्या पत्त्यामुळे. ओक ट्री रोडचंच बघा. एका बाजूला एडिसन, पुढे गेलं की इझलिन. इझलिन वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं, त्यामुळे किराणा एकाच दुकानातून आणणाऱ्या दोन घरांतली मुलं दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये जातात. पत्त्यात ‘प्रिन्स्टन’ लिहिलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात वेस्ट विंडसर, प्लेन्सबोरो किंवा साउथ ब्रन्सविकमध्ये आहेत. मनमथ जंक्शन म्हणजे साउथ ब्रन्सविक, प्रिन्स्टन जंक्शन म्हणजे वेस्ट विंडसर. घर कुठल्या टाउनशिपला टॅक्स भरतं हे विचारलं की गोंधळ संपतो, कारण शाळा त्यावरच ठरते.

डिस्ट्रिक्ट कळल्यावर आतली हद्द बघा. एडिसनमध्ये दोन हायस्कूल आहेत, एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स, आणि कुठल्या गल्लीतली मुलं कुठे जाणार हे ठरलेलं असतं. वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो हा तर दोन काउंटींमधल्या दोन टाउनशिपांनी मिळून चालवलेला डिस्ट्रिक्ट, त्यातही नॉर्थ आणि साउथ अशी दोन हायस्कूल. या आतल्या हद्दी मुलांची संख्या बदलली की बदलतात. एजंटच्या शब्दावर विसंबू नका. डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारला पूर्ण पत्ता कळवून ईमेलवर लेखी उत्तर घ्या.

पायरी २: नाव घालताना

हा भाग छोटा आहे, पण नवीन आलेले लोक इथेच उगाच घाबरतात. पब्लिक शाळेत नाव घालण्यासाठी तुम्ही त्या हद्दीत राहता एवढंच सिद्ध करावं लागतं. घर स्वतःचं असलंच पाहिजे असं नाही. लीज, विजेचं बिल, बँकेचं पत्र असे कागद चालतात. व्हिसा कोणता, सोशल सिक्युरिटी नंबर आहे का, हे प्रवेशासाठी मागता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालच्या प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात हे तत्त्व घालून दिलं आणि न्यू जर्सीच्या नियमांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. एच-४ वर आलेल्या मुलांसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

लसीकरणाचं कार्ड मात्र नीट बघून द्या. आपल्याकडे ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट, इकडे ८ मे. नर्सने तारीख उलटी वाचली की दोन डोसांमधलं अंतर चुकीचं दिसतं आणि मूल घरी बसतं. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलेला तक्ता डॉक्टरांकडून करून घेतला की प्रश्न मिटतो. भारतातून थेट येणाऱ्या मुलांना क्षयरोगाची चाचणीही सांगतात. लहानपणी बीसीजी दिलेलं असेल तर त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी चालेल का, असं डॉक्टरांना विचारा.

फॉर्ममध्ये घरी कुठली भाषा बोलता असा प्रश्न येतो. तिथे खुशाल मराठी लिहा. ‘मराठी लिहिलं तर मुलाला मागच्या वर्गात टाकतील’ ही भीती अनेक घरांत आहे, ती निराधार आहे. त्या उत्तरामुळे फार तर मुलाचं इंग्रजी तपासलं जातं. गरज दिसली तर जादा मदत मिळते, नाही दिसली तर विषय तिथेच संपतो. या उत्तराचा शाळेच्या पैशाशीही संबंध आहे, तो पुढे येईल.

पायरी ३: गुणांचा अहवाल

राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा आणि डिस्ट्रिक्टचा ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’ काढतं. प्रॉपर्टीच्या साइटवरचे आकडेही बऱ्याच अंशी याच माहितीवरून बनवलेले असतात, तेव्हा मुळाकडेच जा.

त्यात आधी दिसतो तो एनजेएसएलए या राज्य परीक्षेचा निकाल. तिसरी ते आठवी इंग्रजी आणि गणित, नववीत इंग्रजी, गणितात अल्जिब्रा आणि जॉमेट्रीच्या कोर्सनुसार पेपर, शिवाय पाचवी, आठवी आणि अकरावीत विज्ञान. इंग्रजी-गणिताचे गुण ६५० ते ८५० या पट्टीत असतात आणि ७५० किंवा त्याहून जास्त मिळाले की मुलाने त्या इयत्तेची अपेक्षा पूर्ण केली असं धरतात. पन्नास टक्के मुलं ७५० च्या वर आहेत असं वाचून ‘अर्धी नापास?’ असं वाटू देऊ नका. कोविडनंतरच्या वर्षांत राज्यभर इंग्रजीत साधारण निम्मी आणि गणितात दहापैकी चारच्या आसपास मुलं ही रेषा ओलांडत आहेत. तुलना याच्याशी करायची.

इथे एक खाच आहे आणि ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. आठवीच्या गणिताचा निकाल अनेक चांगल्या डिस्ट्रिक्टमध्ये एकदम पडलेला दिसतो. सातवीत सत्तर टक्के आणि आठवीत तीस, असं दिसलं की पालक हादरतात. कारण साधं आहे. जी मुलं आठवीतच अल्जिब्रा घेतात ती आठवीच्या गणिताचा पेपर देत नाहीत, अल्जिब्राचा देतात. आठवीच्या रकान्यात उरतात ती फक्त बाकीची मुलं. म्हणून मिडल स्कूलचं गणित बघताना आठवीची ओळ आणि त्या शाळेची अल्जिब्राची ओळ एकत्रच वाचायची. अल्जिब्राला किती मुलं बसली हा आकडाही महत्त्वाचा. एका शाळेत आठवीतली निम्मी मुलं अल्जिब्राला बसत असतील आणि दुसरीत जेमतेम दहा टक्के, तर तुमच्या मुलासमोर कोणती दारं उघडी असतील हे तिथेच कळतं.

सरासरी गुणांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्यांना गरजेपेक्षा फार जास्त मान मिळतो. आईवडील दोघं इंजिनिअर, घरी पुस्तकं, आठवड्यातून दोनदा कुमॉनची शिकवणी, अशा घरांतली मुलं जिथे दाटीने राहतात तिथे गुण चांगलेच येणार. त्यातलं शाळेचं किती आणि घराचं किती हे सरासरी सांगत नाही. त्याच अहवालात आणखी एक रकाना असतो, ‘स्टुडंट ग्रोथ’. राज्यात मागच्या वर्षांत ज्यांना असेच गुण होते अशा मुलांच्या तुलनेत हे मूल या वर्षी किती पुढे गेलं, याची १ ते ९९ ची पट्टी. शाळेचा मधला आकडा ५० च्या आसपास असेल तर प्रगती सर्वसाधारण, ६० च्या पुढे असेल तर शाळा खरंच काहीतरी करते आहे. दहापैकी नऊवाल्या शाळेचा हा आकडा कधी ४५ असतो आणि दहापैकी सहावालीचा ६२. मी दुसऱ्या शाळेकडे जास्त लक्ष देईन.

एकाच वर्षाचा आकडा घेऊ नका. सलग तीन वर्षं बघा. छोट्या एलिमेंटरी शाळेत एका इयत्तेत साठ-सत्तर मुलं असतात, त्यातली पाच इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी उडी मारते.

आणखी दोन गोष्टी. शाळेचे दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस चुकवणाऱ्या मुलांचं प्रमाण अहवालात असतं. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं, म्हणजे १८ दिवस झाले की मूल त्या यादीत. डिसेंबरात तीन-चार आठवडे पुण्या-मुंबईला जाणाऱ्या आपल्या घरांनी ते ध्यानात ठेवावं. दुसरी गोष्ट हायस्कूलची. मिडलसेक्स, मनमथ, बर्गन अशा काउंटींच्या मॅग्नेट शाळा गणित-विज्ञानातली तरबेज मुलं परीक्षा घेऊन उचलतात. ती मुलं मूळ डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलच्या निकालात दिसत नाहीत, त्यामुळे एखादं हायस्कूल आहे त्यापेक्षा थोडं फिकं दिसू शकतं.

आणि गुणांच्या पलीकडचं एक. वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोचे सुपरिंटेंडंट डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी २०१५ साली पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. त्याआधीच्या वर्षात डिस्ट्रिक्टमधल्या १२० मुलांना मानसिक तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं आणि ४० जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. डिस्ट्रिक्टने हायस्कूलच्या सहामाही आणि अंतिम परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठाला सुट्टी दिली, वेगवान गणिताचे वर्ग उशिरा सुरू करायचं ठरवलं. त्यावरून पालकांत सरळ दोन तट पडले, आणि आशियातून आलेले अनेक पालक ‘अभ्यास सौम्य करू नका’ या बाजूला होते. मुलांच्या बाजूने बघितलं तर मला सुपरिंटेंडंटचं म्हणणं पटतं. तुम्हाला पटो न पटो, पण शाळेत काउन्सिलर, म्हणजे समुपदेशक, किती आहेत आणि एकेकाकडे किती मुलं आहेत हे नऊ-दहा गुणांच्या शाळेत तर आवर्जून विचारा. ही माणसं बजेटमधून येतात.

पायरी ४: पैसा कुठून येतो

न्यू जर्सीच्या उपनगरी डिस्ट्रिक्टचा बहुतांश पैसा तुमच्या-आमच्या घरावरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. राज्य काही देतं. केंद्र सरकारचा वाटा अशा ठिकाणी अगदी थोडा असतो. राज्यात सरासरी घराचा वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेला, आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त पैसा शाळेला जातो. टॅक्स बिलावर टाउनशिप, काउंटी आणि शाळा अशा वेगळ्या ओळी असतात. शाळेची ओळ सगळ्यात मोठी.

दोन गावांचे टॅक्सचे दर थेट ताडून बघू नका. दर शंभर डॉलर किमतीमागे सांगतात, पण ती किंमत म्हणजे गावाच्या दप्तरातली किंमत. ज्या गावात वर्षानुवर्षं फेरमूल्यांकन झालेलं नाही तिथे सहा लाखांचं घर कागदावर दोन लाखांचं असू शकतं. समजा तिथे दर ५ डॉलर आहे, तर टॅक्स दहा हजार. शेजारच्या गावात तेच घर कागदावर सहा लाखांचं आणि दर १.६७, तरी टॅक्स दहा हजारच. दर बघून पहिलं गाव तिप्पट महाग वाटतं. म्हणून टॅक्सची पूर्ण रक्कम घ्या आणि घराच्या बाजारभावाने भागा.

आता राज्याची मदत. तिचं गणित २००८ च्या स्कूल फंडिंग रिफॉर्म अॅक्टवर चालतं. त्यामागे न्यायालयातली मोठी लढाई आहे. सर्व मुलांना ‘परिपूर्ण आणि कार्यक्षम’ मोफत शिक्षण मिळालं पाहिजे असं राज्याची घटना १८७५ पासून म्हणते. केवळ घरांच्या किमतीवर शाळा चालवली तर गरीब शहरांतल्या मुलांना ते मिळत नाही, असा निकाल १९७३ च्या रॉबिन्सन विरुद्ध केहिल खटल्यात लागला. त्यातून १९७६ मध्ये राज्याचा इन्कम टॅक्स आला. पुढे अॅबट विरुद्ध बर्क या खटल्यांच्या मालिकेने गरीब शहरी डिस्ट्रिक्टना जादा पैसा मिळवून दिला. आपल्या पगारातून राज्याचा टॅक्स कापला जातो आणि आपल्या उपनगराला मदत कमी मिळते, अशी कुरकुर पार्टीत ऐकू येते. मला ती कुरकुर मान्य नाही. नुअर्क किंवा कॅमडनमधल्या मुलाला चांगला शिक्षक मिळावा म्हणून ही व्यवस्था उभी राहिली आणि ती योग्य आहे. मात्र उपनगरासाठी तिचं गणित समजून घेतलंच पाहिजे.

गणित असं. राज्य आधी ठरवतं की या डिस्ट्रिक्टमधल्या मुलांना नीट शिकवायला किती पैसा पुरेसा आहे. मुलं मोजतात, पण सगळी सारखी मोजत नाहीत. मूळ कायद्यात एलिमेंटरीचं मूल १, मिडलचं १.०४ आणि हायस्कूलचं १.१७ धरलं होतं. गरीब घरातल्या मुलामागे ०.४७ ते ०.५७ जादा, इंग्रजी शिकत असलेल्या मुलामागे ०.५० जादा. हे भार अधूनमधून बदलतात, तत्त्व तेच राहतं. घरच्या भाषेच्या रकान्याचा पैशाशी असलेला संबंध हाच. इंग्रजीची मदत लागणारं मूल फॉर्मवर ‘इंग्लिश’ लिहिल्यामुळे राहून गेलं, तर मुलाची मदतही जाते आणि शाळेचा पैसाही. ही मोजणी १५ ऑक्टोबरच्या पटावरून होते.

मग राज्य बघतं की गावाला स्वतः किती भार उचलता येईल. त्यासाठी अर्धा विचार गावातल्या मालमत्तेच्या किमतीचा, अर्धा गावातल्या लोकांच्या एकूण उत्पन्नाचा. पुरेशा रकमेतून गावाचा वाटा वजा करायचा आणि उरेल ती राज्याची मदत. ज्या गावात आयटीतले दोन-दोन पगार असलेली घरं वाढतात, तिथे गावाचा वाटा वाढतो आणि मदत घटते. मुलं मात्र वाढलेलीच असतात.

२०१८ च्या कायद्याने आणखी एक बदल केला. काही डिस्ट्रिक्टना जुन्या हिशेबामुळे सूत्रापेक्षा जास्त मिळत होतं, तर ज्यांची मुलं झपाट्याने वाढली त्यांना कमी मिळत होतं. २०२४-२५ पर्यंत हे टप्प्याटप्प्याने सरळ करण्यात आलं. टॉम्स रिव्हर, जर्सी सिटी अशा ठिकाणची मदत मोठ्या प्रमाणात कापली गेली आणि दुसरीकडे वाढली. त्यानंतर २०२५-२६ साठी राज्याने मर्यादा घातल्या: वाढ जास्तीत जास्त ६ टक्के, कपात जास्तीत जास्त ३ टक्के. घर घ्यायच्या आधी त्या डिस्ट्रिक्टची मदत गेल्या पाच वर्षांत वर गेली की खाली, हे एका ओळीत बघून घ्या.

अडचण खरी सुरू होते ती इथून. २०१० च्या कायद्यानुसार डिस्ट्रिक्टला शाळेचा एकूण टॅक्स वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. मुलांची संख्या, आरोग्य विमा, पेन्शन यांसाठी काही सवलती आहेत, मागच्या वर्षांत न वापरलेली वाढ पुढे ओढता येते, आणि त्याहून जास्त हवं असेल तर मतदारांना विचारावं लागतं. समजा एका डिस्ट्रिक्टचा टॅक्स २० कोटी डॉलर आहे. २ टक्के म्हणजे ४० लाख. त्याच डिस्ट्रिक्टचा कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचा खर्च ३ कोटी असेल आणि तो एका वर्षात १५ टक्क्यांनी वाढला, तर ४५ लाख लागले. पगारवाढ, बस, वीज यांचा विचार करायच्या आधीच वाढ संपली. अलीकडे विम्याचे दर दोन आकडी टक्क्यांनी चढले आहेत, त्यामुळे हे उदाहरण अजिबात टोकाचं नाही.

मग कात्री कुठे लागते? वर्गातल्या शिक्षकाला हात लावायचं शेवटपर्यंत टाळतात. आधी जातात लायब्ररीतली माणसं, वर्गातले मदतनीस, चौथीतलं व्हायोलिन, मिडल स्कूलचे खेळ, आणि सवलतीची बस. बसचा नियम कोरडा आहे. आठवीपर्यंत घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा दूर आणि हायस्कूलला अडीच मैलांपेक्षा दूर असेल तरच बस देणं बंधनकारक. त्याहून जवळच्या मुलांना मिळते ती डिस्ट्रिक्टची मर्जी. मैलभर अंतर, मध्ये चार लेनचा रस्ता, फूटपाथ नाही, अशा घरासमोर आज पिवळी बस थांबते म्हणून पुढच्या वर्षीही थांबेल असं समजू नका. ती कुठल्या नियमाखाली येते हे घर घेण्यापूर्वी विचारा.

नव्या अपार्टमेंटच्या इमारतींबद्दलही विचारा. टाउनशिप कधी बिल्डरला नेहमीच्या टॅक्सऐवजी ठरावीक रक्कम भरण्याची मुभा देते. याला इकडे ‘पायलट’ म्हणतात. त्या रकमेतला ९५ टक्के भाग टाउनशिप ठेवते, ५ टक्के काउंटीला जातो. शाळेला त्यातून काही देण्याची सक्ती नसते. इमारतीत मुलं राहायला येतात, शाळेत बाकं लागतात, आणि त्यांचा खर्च आजूबाजूच्या घरांवर पडतो. दोष भाडेकरूंचा नाही, करार करणाऱ्या टाउनशिपचा आहे, आणि प्रश्न टाउन कौन्सिलला विचारायचा आहे.

पायरी ५: बजेटमधली मोजकी पानं

डिस्ट्रिक्टच्या साइटवर ‘युझर फ्रेंडली बजेट’ नावाची फाइल असते. ती टाकणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात आधी जमेची बाजू उघडा आणि शिलकीतून किती पैसा घेतला आहे ते बघा. मोकळी शिल्लक साधारण २ टक्क्यांपर्यंतच ठेवता येते. पगारासारखा दरवर्षी येणारा खर्च सलग दोन-तीन वर्षं शिलकीतून भागवला जात असेल, तर कपात दाराशी आली आहे. हा एक आकडा मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो.

मग इमारतींसाठीचा राखीव निधी. छपरं, बॉयलर, वातानुकूलन यांना पैसा लागतोच. निधी रिकामा असेल तर कर्जरोखे काढावे लागतात आणि त्यासाठी मतदान. मतदान मंजूर झालं तर मान्य खर्चाच्या कर्जाचा किमान ४० टक्के भार राज्य उचलतं. ‘टॅक्स वाढेल’ म्हणून नाही म्हणणाऱ्या शेजाऱ्याला हे ठाऊक नसतं, त्याला सांगा.

दर मुलामागे खर्च किती, हे राज्याच्या ‘टॅक्सपेअर्स गाइड टू एज्युकेशन स्पेंडिंग’मध्ये मिळतं. त्यात दोन आकडे असतात. एकात रोजचा शाळा चालवण्याचा खर्च. दुसऱ्यात बस, कर्जाचे हप्ते, बाहेरच्या शाळांची फी, शिक्षकांच्या पेन्शनसाठी राज्य भरतं ती रक्कम, असं सगळंच. एका डिस्ट्रिक्टचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा आकडा घेऊन वाद घालणारे खूप भेटतात. पहिला घ्या, आणि केजी ते बारावी चालवणाऱ्या ३,५०० पेक्षा जास्त मुलांच्या डिस्ट्रिक्टची तुलना त्याच गटात करा. गट गाइडमध्ये करून दिलेले आहेत. त्यात प्रशासनावरचा आणि वर्गातल्या शिकवण्यावरचा खर्च वेगळा मिळतो. कमी खर्चात चांगली वाढ दाखवणारा डिस्ट्रिक्ट सापडला की त्याचं नाव लिहून ठेवा.

पायरी ६: वसंतातल्या सभा

साधारण फेब्रुवारीच्या शेवटी गव्हर्नर राज्याचं बजेट मांडतात. लगेच प्रत्येक डिस्ट्रिक्टचा मदतीचा आकडा येतो. मार्चमध्ये कच्चं बजेट, एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी, १ जुलैला नवीन आर्थिक वर्ष. २०१२ पासून डिस्ट्रिक्टना बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरात घेता येते. ज्यांनी ती तशी नेली, आणि बहुतेकांनी नेलीच आहे, त्यांच्याकडे २ टक्क्यांच्या आतलं बजेट लोकांच्या मताला टाकलंच जात नाही. म्हणजे बोलायची संधी मार्च ते मेमधल्या या सभांतच.

बोलायला नागरिक असावं लागत नाही. मतदानाला आणि बोर्डावर निवडून यायला लागतं, माइकसमोर उभं राहायला नाही. लोकांना बोलायला वेळ राखून ठेवणं बोर्डावर कायद्याने बंधनकारक आहे. साधारण तीन मिनिटं मिळतात, नाव आणि गाव सांगायचं, घड्याळ समोर चालू असतं. बोर्डाचे सदस्य बिनपगारी असतात, बहुतेक स्वतः पालक. रागाने बोललेलं ते शांतपणे ऐकून घेतात आणि पुढच्या माणसाला बोलावतात. पानाचा नंबर सांगून विचारलेल्या प्रश्नाला मात्र बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटरला उत्तर द्यावं लागतं. ‘अमुक पानावर शिलकीतून घेतलेली रक्कम गेल्या वर्षीपेक्षा वाढली आहे, पुढच्या वर्षी ती कुठून येणार?’ असा प्रश्न मी एका सुनावणीत ऐकला. विचारणाऱ्या बाईंना भारतातून येऊन वर्षही झालेलं नव्हतं, इंग्रजी अडखळत होतं. उत्तर द्यायला सुपरिंटेंडंटना स्लाइड मागे न्यावी लागली, आणि त्यानंतर आलेल्या पाच-सहा पालकांनी तोच धागा पकडला.

सभेला जाण्याआधी अजेंडा डाउनलोड करा. कोणती पदं रद्द होणार, कोणाची बदली, हे त्याच्या जोडपत्रांत असतं, भाषणात नसतं. एकट्याने जाऊ नका. एकाच शाळेतली चार घरं, प्रत्येकाचा वेगळा प्रश्न, एवढ्याने फरक पडतो. मराठी विश्व या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आपण शेकड्याने जमतो. त्यातली दहा घरं सुनावणीला आली तरी सभागृहाची मागची रांग भरेल.

बजेट मंजूर झालं की काम एवढंच उरतं. इकडे टॅक्स वर्षातून चारदा भरायचा, १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबरला. पहिले दोन हप्ते अंदाजाचे असतात आणि नवीन दर ऑगस्टच्या बिलात लागतो. ते बिल आलं की शाळेची ओळ काढून सुनावणीत सांगितलेल्या वाढीशी ताडून बघा. फरक दिसला तर टाउनशिपच्या टॅक्स ऑफिसला फोन करून कारण विचारा. भाड्याने राहत असाल तर बिल तुमच्याकडे येणार नाही, पण टाउनशिपचा टॅक्सचा तक्ता जाहीर असतो, त्यात तीच ओळ मिळते.